वर्षातून एकदाच लावायची गिटार

आमच्या भागात हवामान खात्याच्या शब्दावर कोणी विसंबत नाही, आणि माझ्या शब्दावर तर त्याहून नाही. मी एसटीत कंडक्टर होतो. गाडी रस्त्यात बंद पडली की दुसरी येईपर्यंत साठ माणसं जागेवर बसवून ठेवायची असतात, आणि हे काम खऱ्या बोलण्याने होत नाही. मोठं बोलावं लागतं, इतकं मोठं की माणूस आपला खोळंबा विसरून "मग पुढं?" असं विचारतो. नोकरीभर हेच केल्याने माझ्या तोंडाचं झाकण जे निसटलं ते निवृत्तीनंतरही सापडलेलं नाही. तेव्हा पुढे जे सांगतो त्यातलं निम्मं तुम्ही आपल्या हाताने काढून टाका. फक्त दादांचं सांगेन त्यातलं काही काढू नका. तिथे वाढवून सांगायला मला जागाच मिळाली नाही.

दादा म्हणजे माझे वडील. गाव शेवगावच्या अलीकडे, डांबरी सोडून आत. दादा तिथे प्राथमिक शाळेत मास्तर होते, म्हणून सगळं गाव त्यांना गुरुजी म्हणतं. आम्ही ख्रिस्ती. आमची मंडळी लहान, देऊळ त्याहून लहान आणि त्यावर पत्रा. रविवारच्या भक्तीला दादा गिटार वाजवायचे.

ही गिटार आली कशी? मिशनच्या दवाखान्यातले गोरे डॉक्टर कायमचे मायदेशी निघाले तेव्हा त्यांनी घरातलं सामान वाटून टाकलं. कोणाला लोखंडी पलंग मिळाला, कोणाला कंदील. आमच्या शेजारच्या आबांच्या वडलांना एक लोकरीचा ओव्हरकोट मिळाला, तो त्यांनी आयुष्यभर बैलाच्या पाठीवर घातला आणि तो बैल फौजदारासारखा चालायचा. दादांना गिटार मिळाली. त्याआधी देवळात पेटी होती, पण उंदरांनी तिचा भाता खाल्ला. ते उंदीर पुढे सुरात ओरडायचे असं मी गाडीत सांगत असे, आणि लोक हसत. एक माणूस मात्र हसला नव्हता, त्याने विचारलं होतं, "कोणत्या पट्टीत?"

तर गिटार थंड मुलखातल्या लाकडाची आणि येऊन पडली आमच्या मुलखात. आमचा मुलूख कसा, तर मे महिन्यात दुपारी दोन वाजता गाडीच्या दाराचा दांडा धरला की तळहाताच्या रेषा दांड्यावर उमटतात. मी एका प्रवाशाचं भविष्य त्या दांड्यावर वाचलेलं आहे. अशा हवेत लाकूड आटतं. गिटारचं पोट खपाटीला जातं, वर तारा तापून सैल पडतात, सूर खाली उतरतो. पावसाळ्यात उलटं. लाकूड हवेतलं पाणी पितं, पोट फुगतं, तारा ओढल्या जातात, सूर वर चढतो. थंडीच्या सकाळी तारा आकसतात, तेव्हाही थोडा वर. म्हणजे खुंट्यांना कोणी बोट लावलं नाही तरी गिटार आपली आपण वर्षभर जिना चढत-उतरत असते.

आता जगात कुठलाही वाजवणारा काय करतो? बसला की आधी खुंट्या पिळतो, सूर जागेवर आणतो आणि मग वाजवतो. दादांनी हे कधी केलं नाही. आमच्या मंडळीत त्यांनी एक रीत घालून दिली होती. सुगी झाली की देवळात कापणीचा सण होतो. बाजरीची कणसं, भोपळे, कापसाची बोंडं, ज्याच्या शेतात पहिलं जे आलं ते वेदीपुढे आणून ठेवतात. त्या दिवशी सगळ्यांसमोर दादा गिटारला नव्या तारा चढवायचे आणि सूर लावायचे. मंडळी डोळे मिटून बसायची. सूर लागला की पाळकसाहेब प्रार्थना करायचे, आणि त्यानंतर पुढच्या कापणीपर्यंत खुंटीला हात लावायचा नाही. दादासुद्धा लावायचे नाहीत. गिटार जिकडे जाईल तिकडे मंडळी मागून जायची. मे महिन्यात आमच्या देवळात सगळे विहिरीत उतरल्यासारखे गायचे, आणि श्रावणात बायकांच्या गळ्याच्या शिरा दोरीसारख्या दिसायच्या. एका श्रावणात वरचा सूर असा लागला की समोरच्या पिंपळावरचे बगळे उठले आणि थेट पैठणला जाऊन बसले. बगळे काढून टाका. शिरा ठेवा.

मी सातवीत असताना एकदा शहाणपणा करून खुंटी पिळली होती. दादांनी आयुष्यात मला एकदाच मारलं, ते तेव्हा. मला ती रीत तेव्हाही अडाणीपणाची वाटली आणि पुढे कंडक्टर झाल्यावरही. माणसाने घड्याळ मागे पडलं तर पुढे करावं की नाही? गाडी उशिरा आली म्हणून काय गावात सूर्य उशिरा उगवायचा?

मागच्या कापणीच्या सणाला दादांनी नेहमीप्रमाणे गिटार लावली. त्यानंतर आठ दिवसांनी सकाळी अंगणात तोंड धुताना ते खाली बसले आणि परत उठले नाहीत. उजवं अंग गेलं. नगरच्या दवाखान्यात पंधरा दिवस काढून घरी आणले तेव्हा हात थोडा हलत होता, पण वाचा गेली होती. शब्द नाही. हुं नाही, हां नाही. ज्या माणसाने चाळीस वर्षं पोरांकडून पाढे घोकून घेतले तो डोळे उघडे ठेवून पत्र्याकडे बघत पडलेला.

आणि मी, साठ माणसांना अडकवून ठेवणारा, त्यांच्या खाटेजवळ बसून बोलायचो. गावातलं सांगायचो, नसलेलं सांगायचो. शेवटी आमची बायको म्हणाली, "तुमी जरा गप बसा. त्यांना बोलायला फट तरी ठेवा."

मी दोन दिवस गप्प बसलो. फट तशीच राहिली.

नगरच्या डॉक्टरांनी आम्ही निघताना एक गोष्ट सांगितली होती. बोलणं जातं, पण गाणं कधी कधी मागे राहतं, म्हणाले. ओळखीचं काही लावून बघा. नाताळच्या आधीच्या आठवड्यात एका दुपारी मला ते आठवलं. गिटार भिंतीवर खिळ्याला टांगलेली होती. मला चार सूर वाजवता येतात, पाचवा येत नाही. दादांनी स्वतः रचलेलं कापणीचं गीत आहे, ते त्या चार सुरांत बसतं. मी धूळ झटकली आणि वाजवलं.

दादा गायला लागले.

पुटपुटणं नव्हे. अख्खं कडवं, शब्द स्वच्छ, जसे फळ्यावर लिहिलेत.

*पाऊस तुझा केवढा, देवा,*
*ओंजळ माझी एवढी.*

बायको स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. ती पिठाच्या हातांनी दारात येऊन उभी राहिली, आणि चुलीवरची भाकरी जळून कोळसा झाली. ती भाकरी मी खाल्ली. माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली भाकरी होती, आणि हे वाढवून सांगत नाही.

गीत संपलं आणि दादा पुन्हा पत्र्याकडे बघायला लागले. जसा गाडीतला दिवा ड्रायव्हरने बंद करावा. मी विचारलं, "दादा, पाणी देऊ?" काही नाही. पुन्हा वाजवलं, पुन्हा गायले. संपलं, पुन्हा गप्प.

तेव्हा माझ्यातल्या कंडक्टरने डोकं चालवलं. गाण्यात बोलतात ना, मग मी प्रश्न गाण्यातच घातला. त्याच चालीवर म्हटलं, "पाठ तुमची दुखते का, दादा, कुशीला वळवू का?" दादांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, शाळेत चुकलेल्या पोराकडे पाहावं तसं, आणि दुसरं कडवं सुरू केलं. उत्तर नाही. पण आवाज होता. मी म्हटलं, ठीक आहे. उत्तर नको. आवाज पुष्कळ झाला. रोज दुपारी एक गीत. डिसेंबर गेला, जानेवारी गेला, दादा रोज गायले.

इथवर सगळं बरं होतं, आणि बरं चाललेलं मला कधी सोसत नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी ऊन चढलं. मला वाटायला लागलं की गिटार उतरलीये, बेसूर वाजतेय. वाटायला लागलं म्हणजे, मी मोबाईलवर गिटार लावण्याचं एक ॲप उतरवून घेतलं होतं. तार छेडली की काटा हलतो, सूर जागेवर आला की हिरवं होतं. आमच्या गिटारला ते लाललाल झालं. मी म्हटलं, चाळीस वर्षं मंडळीने काय काय सोसलं असेल. खुंटी पिळली. एक एक तार हिरवी केली. दादांच्या रीतीची आठवण झाली नाही असं नाही, झाली. पण मोबाईल म्हणजे मोबाईल.

वाजवलं. दादांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

मला वाटलं, आज तब्येत बरी नसेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा ॲप, पुन्हा हिरवं, पुन्हा भिंत. तिसऱ्या दिवशीही भिंत.

मी काय अंदाज बांधला सांगतो. मला वाटलं, दादांचा कान इतका पक्का आहे की काट्याच्या केसभर इकडे-तिकडेही त्यांना चालत नाही, आणि ही हवा सूर केसभरसुद्धा जागेवर राहू देत नाही. सकाळी हिरवी केलेली तार दुपारी पत्रा तापला की लाल. म्हणजे दोष हवेचा. हवेशी लढायचं.

पहिल्यांदा मी गिटार कूलरपुढे ठेवली, लाकूड गार राहावं म्हणून. कूलरचं वारं ओलं. रात्रीतून लाकूड असं फुगलं की तारा बोटांनी दबेनात, एवढ्या उंच उचलून आल्या. मग कूलर बंद करून ती ज्वारीच्या कोठीत ठेवली. तिथे एवढी सुकली की छेडली की फरफर वाजायची, आणि आत ज्वारीचे दाणे गेले ते अजून खुळखुळतात. मग ओलं फडकं मातीच्या बोळक्यात घालून गिटारच्या खोक्यात ठेवलं. बायको म्हणाली, "बाळंतिणीला एवढं जपत न्हाईत."

"अगं, दादांसाठी."

"दादांसाठी व्हय. मग दादांना इचारलं का कदी?"

आता दादांना विचारायचं कसं, हे तिला मी विचारू शकलो नाही.

एप्रिलमध्ये शेजारच्या आबांनी उपाय सांगितला. आबा जुने शेतकरी, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे, आणि खोटं बोलत नाहीत म्हणून माझं त्यांच्याशी फारसं पटत नाही. ते दादांना बघायला आले होते. माझी रडकथा ऐकून त्यांनी गिटारवर टिचकी मारली.

"कंडक्टर, हे लाकूड दमट झालं तर फुगतं, उनात धरलं तर आटतं. असंच ना?"

"असंच."

"मग हे कांद्याचं दुखनं हाय. कांद्यालाबी हेच. आमी काय करतो? चाळीत ठेवतो. वर छप्पर, खाली मोकळं, चहूकडून वारा. ऊन न्हाई, पानी न्हाई. कांदा सहा महिने हालत न्हाई. तुजी गिटार काय कांद्यापरास नाजूक हाय?"

मला हे इतकं पटलं की मी त्यांना चहा दोनदा पाजला. त्याच संध्याकाळी गिटार आबांच्या कांदाचाळीत, कांद्याच्या ढिगावर, आडव्या बांबूला टांगली. रोज दुपारी काढून आणायची, हिरवी करायची, वाजवायची, दादांनी भिंत बघायची, परत नेऊन टांगायची. गावात चर्चा झाली की कंडक्टर कांद्याला गाणं ऐकवतोय. आबांचा कांदा त्या वर्षी चांगला टिकला, आणि त्याचं श्रेय मी घेत असतो.

पण चाळ बांधलेली असते कांदा वाळावा म्हणून. कांदा वाळतो म्हणून टिकतो. मे महिन्याच्या त्या वाऱ्याने गिटारही कांद्यासारखीच वाळवली. एका दुपारी मी गेलो तर आबा चाळीशी उभे होते, टोपी हातात घेऊन.

"कंडक्टर, तिनं आवाज केला. फाटकन. मला वाटलं साप हाय."

वरची फळी, तारा जिथे टेकतात त्या घोडीपासून खाली, फाटली होती, वीतभर. भेगेत नख जात होतं. आबांनी ती बांबूवरून सोडवून माझ्या हातात दिली. 

घरी आणली तेव्हा दादांच्या खाटेसमोरूनच न्यावी लागली; घराला दुसरी वाट नाही. मी भेग माझ्या पोटाकडे करून चाललो होतो. दादांनी गिटारकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तीन महिने ते गायले नव्हते. मला एवढंच वाटत होतं की तो आवाज मी माझ्या हाताने फोडला आणि वर कांद्यात पुरला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने नगरला गेलो. तिथे बाजारातल्या एका बोळात तबला-पेटी दुरुस्त करणारे चाचा आहेत. दादा तारा त्यांच्याकडूनच आणायचे. चाचांनी गिटार उचलली, हुंगली आणि माझ्याकडे बघितलं.

"कांदा?"

"कांदा."

"गुरुजींचं पोरगं ना तू? गुरुजी कसे?"

मी सगळं सांगितलं, न वाढवता. चाचा ऐकत ऐकत भेगेत आतून सरस भरत होते, आणि बोटाएवढी एक पट्टी मागून चिकटवत होते. माझं संपल्यावर म्हणाले, "तू हिला रोज लावायचा?"

"रोज. मोबाईलने. अगदी बरोबर."

"गुरुजी तर रोज लावत नव्हते."

"ते मला माहीत आहे, चाचा. अडाणी रीत."

चाचांनी सरसाचं भांडं खाली ठेवलं. "मी पन त्यांना हेच बोललो होतो एकदा. गुरुजी, रोज लावत जा, साज आहे. ते बोलले, चाचा, रोज लावली तर मंडळी कोनाच्या मागं जाईल? माझ्या का तिच्या? आमच्या लोकांचा गळा पावसात वर जातो, उन्हात खाली येतो. तिचा बी तसाच जातो. दोघं संगट जातात. मी मधी कशाला पडू?" मग हसून म्हणाले, "तू मधी पडला."

परतीच्या गाडीत मी कोणाशी बोललो नाही. कंडक्टर माझा ओळखीचा होता. त्याने मला आजारी समजून खिडकी दिली. खिडकीतून तापलेलं रान दिसत होतं आणि मला आता साधी गोष्ट कळत होती. दादांना मोबाईलचा सूर नकोच होता. त्यांना मे महिन्यात मे महिन्याचा सूर हवा होता. चाळीस वर्षं त्यांच्या गळ्याने जी वाट केली होती, ती ह्या दिवसांत खाली जाणारी होती. मी रोज गिटार हिरवी करून सूर वर ओढून ठेवत होतो, आणि ते भिंतीकडे वळत होते. डिसेंबरात गायले, कारण तेव्हा गिटारला माझा हात लागलेला नव्हता.

पण आता मे महिन्याचा सूर आणायचा कुठून? खुंट्या मी शंभर वेळा पिळल्या होत्या. दादांनी लावलेलं काही उरलं नव्हतं. हवेने तिला कुठे नेऊन ठेवलं असतं, हे सांगायला तिच्यापाशीच आठवण राहिली नव्हती. चार दिवस मी गिटार मांडीवर घेऊन नुसता बसलो. एक सूर लावायचा, दादांकडे बघायचं, भिंत. दुसरा लावायचा, भिंत.

पाचव्या दिवशी दुपारी बायको आत पीठ मळत होती. मळताना ती गुणगुणते. लग्न होऊन आल्यापासून गुणगुणते, आणि आपण गुणगुणतो हे तिला माहीत नाही. कापणीचंच गीत होतं. मी कान दिला. आवाज खाली होता, विहिरीत उतरल्यासारखा. तीस उन्हाळे ती त्या पत्र्याखाली बसून दादांच्या गिटारमागून गायली होती.

मी गिटार घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर जाऊन बसलो आणि खुंटी सैल करायला लागलो. ती थांबली.

"थांबू नको. तशीच म्हण."

"काय म्हनू?"

"मघाशी म्हणत होतीस ते."

"मी कुटं काय म्हनत हुते? मी काय रेडिओ हाय?"

"तू पीठ मळ. बाकी माझ्यावर सोड."

पण माणसाला एकदा सांगितलं की तू गुणगुणतेस, की ते येत नाही. तिने मुद्दाम गायलं ते लग्नातल्यासारखं वर गेलं. मी म्हटलं, हे नाही. ती चिडली. मग मी युक्ती केली; माझ्याकडे तेवढंच आहे. मी तिला आबांच्या बैलाची, ओव्हरकोटवाल्या, गोष्ट सुरू केली, जी तिने इतक्यांदा ऐकलेली की तिचा कान आपोआप बंद होतो. मी बोलत राहिलो, ती मळत राहिली. बैल फौजदारासारखा चावडीपर्यंत पोचला तेव्हा ती पुन्हा गुणगुणत होती. मी बोलता बोलताच तार तिच्या आवाजाला लावली. मग दुसरी, तिसरी. ॲपवर बघितलं असतं तर मोबाईल रडला असता.

खाटेजवळ गेलो आणि वाजवलं.

दादा लगेच वळले नाहीत. पहिली ओळ गिटार एकटीच गेली. दुसऱ्या ओळीला त्यांची मान हलली, आणि तिसरीला ते आले. आवाज खरखरीत, तीन महिन्यांची धूळ बसलेला, पण तेच शब्द. *ओंजळ माझी एवढी.* बायको आतून बाहेर आली नाही. परातीत हात ठेवून ती तिथेच थांबली होती, हे मला मागे न बघता कळलं. पीठ मळल्याचा आवाज थांबला होता.

त्यानंतर मी खुंटीला हात लावायचं सोडलं. ॲप काढून टाकलं. गिटार पहिल्यासारखी खिळ्याला, भेगेवर चाचांच्या सरसाची रेघ. मे सरला, जून सरला, दादा रोज गायले.

इथे गोष्ट संपवली असती तर मी चांगला कंडक्टर ठरलो असतो. माणसं खुशीत असताना उतरवावीत. पण जुलैमध्ये पाऊस लागला.

गिटार पाणी प्यायला लागली. आठवड्याला केसभर, पण वर. दादांचा गळा मात्र वर जाईना. "केवढा" हा शब्द त्या गीतात सगळ्यात उंच आहे. तिथे पोचायला छाती लागते, आणि त्यांच्या छातीचा निम्मा भाग गेलेला. आधी तो शब्द चिरला. मग नुसती हवा यायला लागली. मग ते त्या जागेपाशी येऊन तोंड उघडून थांबायचे, गिटार पुढे जायची, आणि ते मागे राहायचे, स्टँडवर गाडी सुटलेल्या माणसासारखे.

मी खुंटी थोडी सैल केली. अगदी थोडी. दादांनी भिंतीकडे तोंड केलं.

पुन्हा होती तिथे नेली. ते वळले, गायला लागले, त्या शब्दापाशी आले आणि थांबले. डोळ्यांच्या कडेने पाणी आलं. पुसायला मी हात पुढे केला तर त्यांनी डावा हात उचलून माझ्या हातावर नाही, गिटारच्या खुंट्यांवर ठेवला. सगळ्या खुंट्या झाकल्या. सातवीत ज्याने मला मारलं होतं तोच हात.

म्हणजे उतरवायची नाही. आणि वर पोचता येत नाही.

ऑगस्टमध्ये पाऊस उघडला. पंधरा दिवस, तीन आठवडे. कपाशी माना टाकायला लागली. अख्खा शेवगाव तालुका आभाळाकडे तोंड करून होता. हवा कोरडी झाली आणि आमच्या घरी गिटार पुन्हा हळूहळू खाली आली. दादा "केवढा"पर्यंत पोचायला लागले. आता तुम्हीच सांगा मी काय करायचं. आबा रोज येऊन म्हणायचे, "कंडक्टर, जळालं रे सगळं." मी म्हणायचो, "हो ना आबा." आणि आत दादा गात असायचे. नगर जिल्ह्यात पाऊस पडू नये असं वाटणारा त्या महिन्यात मी एकटाच असेन, आणि ते आजवर मी कोणाला सांगितलेलं नाही. आबांना तर नाहीच.

मग मंडळीने ठरवलं, रविवारी पावसासाठी प्रार्थना. गुरुजींचं गीत म्हणायचं, गुरुजींची गिटार आणायची आणि वाजवायची मी. पाळकसाहेब स्वतः घरी सांगायला आले. कपाशी त्यांचीही होती.

रविवारी देऊळ भरलं. आबासुद्धा आले, टोपी काढून शेवटच्या बाकावर बसले. पावसाचं काम म्हटल्यावर देऊळ कोणाचं हे कोण बघतो. मी वाजवलं, सगळे गायले. पाळकसाहेबांनी हात वर करून पाऊस मागितला. किती मागितला, तर नाले भरतील एवढा. प्रार्थना संपली आणि सगळे आमेन म्हणाले. मी सगळ्यांच्या मागून म्हणालो. तोंडातल्या तोंडात. पण म्हणालो. पाठीमागे आबा बसले होते.

चौथ्या दिवशी दुपारी भरून आलं. मी म्हटलं, पडायच्या आधी वाजवून घेऊ. गिटार काढली, खाटेजवळ बसलो. दादांनी सुरुवात केली. पहिली ओळ होईपर्यंत पत्र्यावर टपोरे थेंब आले, आणि ते "केवढा"पाशी पोचले तेव्हा आभाळ फाटलं. आबा तिकडे चाळीपाशी भिजत नाचत होते असं मी गावात सांगतो. खरं तर ते कांद्यावर ताडपत्री टाकत होते. बायको आतून धावत येऊन खाटेच्या उशाशी उभी राहिली. तिचे ओठ हलत होते. दादांचं तोंड पूर्ण उघडं होतं, मानेच्या शिरा दोरीसारख्या, डावा हात खुंट्यांवर. मी तार छेडत होतो आणि मला माझी तारही ऐकू येत नव्हती. पत्रा एवढा वाजत होता.

पाऊस दीड तास पडला. थांबला तेव्हा दादा डोळे मिटून झोपले होते. मी बायकोला विचारलं, "वरचा सूर लागला का?"

ती म्हणाली, "मला वाटलं, तुमाला ऐकू आलं असंल."

गावात लोक विचारतात, गुरुजी त्या दिवशी गायले का. मी सांगतो, गायले, वरचा सूर लागला, तिकडे पाऊस आला. माझे बगळे, माझा बैल, माझे उंदीर कोणी मानत नाही. हे मात्र सगळे मानतात. माना हलवतात आणि पुढे काही विचारत नाहीत. गिटार खिळ्याला आहे, हवा ओली आहे, आणि खुंटीला हात लावता येईल तो कापणीचा सण अजून अडीच महिने लांब आहे.